श्रममंत्र्यांचा हजेरीपट

मी चांगू धोंडू उतेकर, वय वर्षं शहाहत्तर, पूर्वीचा धंदा कारखान्यात फिटर, हल्लीचा धंदा खोकणं, राहणार माळाची वाडी, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड, आज शुक्रवार दिनांक ६ फेब्रुवारी २०२६ रोजी महाड मुक्कामी हे मृत्युपत्र करत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉ. इरावती बुटाला यांनी आज सकाळी तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, पंतप्रधान कोण ते विचारलं. मी म्हटलं, देशाचा श्रममंत्री कोण ते विचारा, बेचाळीस सालापासून ओळीने सांगतो. त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

मला कोणी दारू पाजलेली नाही की धाक घातलेला नाही. धाक घालण्याचं काम जन्मभर मीच केलं. मजकूर मी तोंडी सांगतो आहे आणि माझी नात सेजल तो टाइप करते आहे. आबा बोलेल तसंच लिहायचं, मऊ करायचं नाही, अशी तिला ताकीद दिली आहे.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं म्हणून कोणी कागद पुढे आणला तर तो बनावट समजावा, आणि आणणाऱ्याच्या दोन मुस्काटात ठेवून द्याव्यात. वकील राजश्री पाटणकर म्हणतात की असं मृत्युपत्रात लिहीत नाहीत. राहू द्या.

कलम २. माझी पत्नी आवडी अकरा वर्षांपूर्वी वारली. मुलगा एकच, किशोर, घाटकोपरला कुरिअर कंपनीत सुपरवायझर आहे. सेजल त्याचीच. माझा धाकटा भाऊ हरी बिनलग्नाचा गेला, वयाच्या तेविसाव्या वर्षी. तो कसा गेला ते पुढे येईल.

कलम ३. वाडीतलं घर, त्यामागची डोंगरउतारावरची वरकस जमीन आणि काजूची चौदा झाडं किशोरला मिळावीत. घर त्याने विकू नये, विकलंच तर दगडू शेलारच्या घरात विकू नये. दगडू मेला सहा वर्षांपूर्वी, पण त्याचे पुतणे जिवंत आहेत आणि त्यांना आमच्या अंगणातलं पाणी पहिल्यापासून गोड लागतं.

कलम ४. महाडची ही खोली, जिच्यात बसून मी आत्ता हे सांगतो आहे, ती प्रियदर्शिनी बुद्धरत्न गमरे, राहणार नाते गाव, हिला द्यावी. ती माझ्या नात्यातली नाही, जातीतली नाही. ती तीन वर्षांची असताना तिच्या बापाला बेड्या पडल्या. किशोर, तू हे वाचून आरडाओरडा करणार हे मला माहीत आहे. माझा राग तुझ्यात उतरला आहे. फक्त आधी कलम आठपर्यंत वाच, मग कपाट फोडायचं तर फोड.

कलम ५. हत्यारं. लहान पाने, हातोड्या, करवत, वाइस सगळं वाडीतल्या ज्याला उपयोग असेल त्याला फुकट द्यावं. फक्त छत्तीस इंची पाईप पाना कोणाला देऊ नये आणि भंगारात घालू नये. तो पोत्यात गुंडाळून या खोलीतल्या खाटेखाली ठेवला आहे. त्याच्या दातांत अजून काय अडकलं आहे ते मी पस्तीस वर्षांत खरवडून पाहिलेलं नाही. खरा मुद्देमाल तो आहे. कोर्टात त्या वेळी जो लोखंडी पाईप दाखवला तो प्रियदर्शिनीच्या बापाच्या, बुद्धरत्नच्या, न्हाणीघरातल्या नळाचा होता, त्याने कोणाला ओरखडाही आला नव्हता.

कलम ६. फळी. या मृत्युपत्रात खरी मालमत्ता हीच आहे, म्हणून तिची हकिगत नीट सांगतो.

ग्रामपंचायतीत सरपंचांच्या नावांची आणि शाळेत मुख्याध्यापकांच्या नावांची लाकडी फळी असते, तशी आमच्या युनियनच्या कचेरीत देशाच्या श्रममंत्र्यांची फळी होती. सागाची, पाच फूट उंच, हिरव्या ऑइलपेंटची अक्षरं. ती बुद्धरत्न सोनू गमरे याने केली. तो आमच्याच कारखान्यात ऑपरेटर, युनियनचा सेक्रेटरी, आणि हाताने पेंटर. महाडमधल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या आहेत. फळीवर रकाने दोन: ‘हजर’ आणि ‘गेला’. तो म्हणायचा, “आपण रोज कार्ड पंच करतो. मंत्र्याचा पण हजेरीपट कोणीतरी ठेवायला पाहिजे.” आम्ही पोट धरून हसलो होतो.

पहिलं नाव कोणाचं यावरून आमची जुंपली. माझं म्हणणं, यादी स्वातंत्र्यापासून धरायची, पहिले जगजीवनराम. बुद्धरत्नचं म्हणणं, जुलै १९४२, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडे आलं, तिथून धरायची. मी म्हटलं, ब्रिटिशांचंच धरायचं तर त्यांच्या आधीही ते खातं कोणाकडे तरी होतं. तो म्हणाला, “होतं. पण आठ तासांची पाळी तू कोणामुळे भरतोस ते वाच, मग फळीवर हात ठेव.” मी त्याची कॉलर धरली. माझ्या रागाचं खरं कारण यादी हे नव्हतं, माझी जात होती. ते तेव्हा मी कबूल केलं नसतं, आज करतो. त्याने माझा हात शांतपणे कॉलरवरून काढला आणि पहिलं नाव रंगवलं. त्याने ते बरोबर केलं.

पुढे त्या फळीनेच मला हे खातं शिकवलं. कधी त्याला रोजगार जोडलेला असतो, कधी पुनर्वसन. कोणी पाच वर्षं टिकला, कोणाला वर्षही पुरं मिळालं नाही. व्ही. व्ही. गिरींच्या नावापुढे बुद्धरत्नने चांदणी काढली, कारण बँक कामगारांच्या निवाड्यात सरकारने बदल केला म्हणून ते १९५४ साली खुर्ची सोडून गेले. ‘गेला’च्या रकान्यात त्यांच्यापुढे ‘स्वतःहून’ असं आहे. खाडिलकर आपल्या महाराष्ट्रातले, त्यांचं नाव आलं त्या वर्षी मी अजून गावात गुरं राखत होतो. गेल्या नोव्हेंबरात जुने एकोणतीस कायदे जाऊन चार संहिता लागू झाल्या, ते मी टीव्हीवर पाहिलं आणि आधी मनात आलं ते हे की फळीवर जागा शिल्लक आहे का.

फळीची एक रीत होती. नवा मंत्री शपथ घेईल त्याच दिवशी नाव रंगवायचं, आणि त्या वेळी कचेरीत जो कोणी हजर असेल त्याने ओल्या रंगात अंगठा बुडवून फळीच्या पाठीवर उठवायचा. अंगठ्याशेजारी बुद्धरत्न बारीक अक्षरात नाव, तारीख आणि वेळ घालायचा. नाव कधी चढलं यावर कामगारांत पैजा लागायच्या, भांडणं व्हायची, म्हणून ही रीत पडली. हसण्यावारी सुरू झालेली गोष्ट होती, पण बुद्धरत्न वेळेच्या बाबतीत हसायचा नाही.

कलम ७. माझ्या भावाबद्दल. हरीला कारखान्यात दगडू शेलारने लावला. दगडू ठेकेदार होता, वाड्यावाड्यांतून पोरं आणून कारखान्याला पुरवायचा. त्यांची नावं तो हजेरीपटावर चढवायचा नाही. मला हे माहीत होतं, मी युनियनचा माणूस, आणि तरी मी हरीला त्याच्या हाती दिला, कारण दगडूची बहीण आमच्या भावकीत दिलेली, म्हणजे घरचाच माणूस असं धरलं.

हरीला रिकाम्या टाकीत घासायला उतरवलं. टाकीत सॉल्व्हंटची वाफ राहिलेली, वर कोणीतरी ग्राइंडर चालवत होता. ठिणगी आत गेली. आवाज झाला तेव्हा मी दोनशे पावलांवर होतो. बाहेर काढला तेव्हा मी त्याला काखेत हात घालून उचलायला गेलो आणि त्याची कातडी माझ्या हातात आली. तो दोन दिवस जगला. दोन्ही दिवस तो एकच विचारत होता, “दादा, माजी पाळी लिवली का रं?” त्याला वाटत होतं पाळी अर्धी राहिली म्हणून पगार कापतील.

दगडूने गेटवर सांगितलं, असा माणूस माझ्याकडे नव्हताच. वहीत नाव नव्हतं, त्यामुळे तो खरं बोलतो असं ठरलं. बुद्धरत्नने थेट दिल्लीला, श्रममंत्र्यांना, अर्ज लिहिला. त्या वर्षांत सरकारं सारखी पडत होती. अर्ज पोचला असेल नसेल तोवर मंत्री बदलला. त्याने दुसरा लिहिला, नव्या नावाने. यात दिल्लीचा दोष किती, टपालाचा किती, मला सांगता येत नाही. मला राग आला एवढंच सांगता येतं. हरीला जाऊन नऊ महिने झाले होते.

कलम ८. आता जे सांगतो त्यासाठी हे मृत्युपत्र आहे. साल, तारीख आणि त्या दिवशी शपथ घेतलेल्या मंत्र्याचं नाव इथे घालत नाही. ते फळीच्या उजव्या रांगेत सर्वांत खालचं नाव आहे, आणि त्या मंत्र्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही.

सुट्टीचा दिवस होता. कचेरीत मी आणि बुद्धरत्न दोघेच. दुपारी रेडिओवर सांगितलं की खातं पुन्हा दुसऱ्याकडे गेलं. बुद्धरत्न उठला, रंगाचा डबा उघडला आणि म्हणाला, “हरकत नाही चांगू. आता याला लिहू. तिसरा अर्ज.” त्याच्या आवाजात थकवा नव्हता. त्याने ब्रश उचलला. मी पाना उचलला. त्याने विचारलं, “कुठे निघालास?” मी सांगितलं, “नळ दुरुस्त करायचाय.” पाना पोत्यात गुंडाळून मी युनियनच्या राजदूत मोटरसायकलवर बसलो आणि कशेडी घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत थांबलो नाही.

दगडू रोज चारच्या सुमारास खेडकडून एकटाच जीपने उतरायचा. वळणावर दरड आली होती, एकाच बाजूने रस्ता चालू होता, त्यामुळे त्याला जीप थांबवावीच लागली, आणि तेव्हा मागेपुढे दुसरं वाहन नव्हतं. मी दार उघडून त्याला बाहेर ओढला. त्याने मला ओळखलं. तो म्हणाला, “चांगू, सोयरा हाय मी तुजा.” मी त्याचा उजवा हात बॉनेटवर ठेवला, ज्या हाताने तो वही लिहायचा तो, आणि पाना मारला. एकदा मारून थांबायला हवं होतं, ते मला जमलं नाही. बोटं मोजता येत नव्हती तरी मी मारत होतो. मग गुडघा. मग तो गप्प झाला म्हणून मला वाटलं मेला, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

इथे सेजलने टाइप करणं थांबवलं आणि विचारलं, “आबा, हे रियल आहे?” मी म्हटलं, लिही गो.

मारणारा मी होतो. मी एकटा होतो. बुद्धरत्न गमरे तिथे नव्हता, त्याने सांगितलं नव्हतं, त्याला माहीत नव्हतं. त्या वेळी तो महाडला कचेरीत नाव रंगवत होता, आणि हजर साक्षीदार म्हणून दुपारी चार वाजता माझ्याच बायकोने फळीमागे अंगठा दिला. आवडी वाडीला जाणारी एसटी पकडण्याआधी मला बघायला कचेरीत डोकावली होती. तो अंगठा अजून तिथे आहे. शेजारी ‘सौ. आवडी उतेकर’ आहे, तारीख आहे. वेळेचं ‘दु. ४’ एवढंच राहिलं आहे, पुढचं वाळवीने खाल्लं.

मी दिवेलागणीला वाडीत घरी पोचलो. आवडी मागच्या दारी रॉकेलने अंगठ्याचा हिरवा रंग काढत बसली होती. मी शेजारी बसून शर्टाची बाही धुतली. दोघांची बादली एकच होती. तिने पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बादली परसात उपडी केली.

कलम ९. गावकीबद्दल. दगडू मेला नाही. मुंबईच्या इस्पितळात शुद्धीवर येताच त्याने भावाजवळ माझं नाव घेतलं. पण पोलिसांना जबाब द्यायच्या आधी आमच्या जातीची गावकी बसली, देवळाच्या सभामंडपात, वाडीच्या मुंबईतल्या मंडळाचे चार जण खास गाडी करून आले. गावकीचा म्हातारा पुढारी, गावकार, बोलला ते शब्द मी विसरलेलो नाही: “चांगू आपला हाय, दगडू बी आपला हाय. आपल्यात केस नको. त्या युनियनचं डोकं बुद्धरत्नच हाय ना? मंग त्येचंच नाव सांगा.” एकानेही नाय म्हटलं नाही. दगडूचंही भलंच होतं, सेक्रेटरी आत गेला की युनियन मोडणार होती.

आमच्या गावकीत ठराव कबूल असेल त्याने देवापुढचा नारळ उचलायचा असतो. नारळ माझ्यासमोर ठेवला. मी बलदंड माणूस, संपात फितुरांची डोकी फोडलेला, तलवारी घेऊन आलेल्या गुंडांपुढे उघड्या छातीने उभा राहिलेला. तिथे मी नारळ उचलला. तो फोडून वाटला. माझ्या वाट्याचा तुकडा मी खाल्ला आणि तो गोड लागला, हे लिहून ठेवा.

बुद्धरत्नला महाडमध्ये धरलं तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. गाडीत कोंबताना एका हवालदाराने त्याच्या डाव्या कानावर काठी घातली, कानातून रक्त आलं. त्या गर्दीत त्याला मी दिसलो आणि तो ओरडला, “चांगू, फळी सांभाळ! मागे वेळ आहे!” त्याचा माझ्यावर इतका विश्वास होता. मी त्याच संध्याकाळी फळी कचेरीतून काढून टेम्पोत घालून वाडीला नेली आणि घराच्या माळ्यावर गवतात पुरली. कोर्टात त्याच्या वकिलाने मला पिंजऱ्यात बोलावून विचारलं. मी शपथेवर सांगितलं, फळी कुठे आहे मला ठाऊक नाही. फळी नाही आणि नवरा उलटलेला, मग बायको काय बोलणार, म्हणून वकिलाने आवडीला बोलावलंच नाही. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली, पाच भोगली. पाना घेऊन मी निघालो होतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी त्याने माझं नाव घेतलं नाही. न्यायाधीशांनी कोणावर संशय आहे का विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मी वळणावर नव्हतो, तर मारणारा कोण ते मी कसं सांगू?”

दगडू त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं जगला. लग्नाकार्यात समोर आला की तो मला त्या मोडक्या हाताने मुद्दाम अक्षता द्यायचा. मी घ्यायचो.

कलम १०. आवडीबद्दल. खटला चालू असताना एका सकाळी ती लुगडं बदलून उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, “मी कोर्टात जाते. अंगठा माजा हाय. मी बोलले तर तुमी जाल, नाय बोलले तर तो जातो. त्येनं काय केलंय वो?” मी तिला मारलं. तिचा पुढचा दात उंबऱ्यावर पडला. किशोर आठ वर्षांचा होता, तो चुलीमागे उभा राहून बघत होता. किशोर, आई पडली म्हणून तिचा दात गेला असं तू लोकांना सांगत आलास. ते तू माझ्यासाठी सांगितलंस हे मला माहीत होतं.

ती गेली नाही. पण त्या दिवसानंतर तिने कुठेही अंगठा दिला नाही, रेशनच्या दुकानात नाही, बँकेत नाही. चाळिशीची बाई वाडीच्या बालवाडीत पोरांच्या रांगेत बसली आणि सही शिकली. मरणाच्या आदल्या दिवशी म्हणाली, “फळी कुटं हाय ते मला ठाव हाय. पंचवीस वर्सं मी तिच्याखालीच निजते. आता तरी परत द्या.” मी हो म्हटलं. त्यालाही अकरा वर्षं झाली. मी तिला फार त्रास दिला. तिच्यावर माझं प्रेम होतं आणि ते तिला कधी कळलं असेल असं मला वाटत नाही.

कलम ११. बुद्धरत्न सुटून आल्यावर पुन्हा पाट्या रंगवायला लागला. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. फळी त्याने मला तीनदा मागितली. तिसऱ्यांदा २०२१ च्या पुरानंतर, या खोलीत छातीएवढा चिखल साचला होता तेव्हा. न बोलावता तो फावडं घेऊन आला आणि दोन दिवस माझा चिखल उपसला. मग विचारलं, “फळी इथेच होती का रे?” मी म्हटलं, “होती. वाहून गेली.” तो त्या चिखलात खाली बसला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

फळी वाहून गेलेली नाही. कालच वाडीहून आणवली आहे आणि आत्ता खाटेवर आहे. माझ्या मृत्यूनंतर ती आणि पाना हे दोन्ही वकील राजश्री पाटणकर यांनी या मृत्युपत्राच्या नकलेसह कोर्टात हजर करावेत आणि बुद्धरत्नच्या नावावरचा डाग पुसण्यासाठी जे करता येईल ते करावं. व्यवस्थापक म्हणून मी त्यांनाच नेमतो. कोर्ट काय करील ते कोर्ट जाणे, असं त्या म्हणतात.

कलम १२. मला गावकीच्या खांद्यावरून नेऊ नये. गावकीला तेराव्याचं जेवण घालू नये, नारळ तर नाहीच. कोणी विचारलं तर कलम नऊ मोठ्याने वाचून दाखवावं. युनियनमधले जे कोणी चालण्याजोगे उरले असतील त्यांनी न्यावं, तेही नसतील तर ॲम्ब्युलन्सने.

पुरवणी, आजच, दुपारनंतर. दोन साक्षीदार लागतात म्हणून मी सकाळीच नातेला रिक्षा पाठवून बुद्धरत्नला बोलावलं होतं. कशासाठी ते कळवलं नव्हतं. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. मी म्हटलं, याने वाचला पाहिजे. तो काठी टेकत आला, त्याची नजर आधी खाटेवर गेली आणि तो दारातच थांबला. सेजलने त्याला खुर्ची दिली आणि उजव्या कानाशी बसून सगळा मजकूर मोठ्याने वाचला. वाचताना ती दोनदा रडली. तो एकदाही हलला नाही.

मग त्याने फळी पालथी करायला लावली. आवडीचा अंगठा सापडेपर्यंत त्याने सगळ्या पाठीवरून बोट फिरवलं. म्हणाला, “वहिनी हसली होती. म्हणाली, मंत्र्याला कळंल का, माजा अंगठा हाय म्हणून?” एवढं बोलून तो उठला, काठी दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या डाव्या कानावर मारली. मी खाटेवर आडवा झालो. कान फुटला, रक्त मानेवर आलं. सेजल किंचाळली, वकीलबाई फोनकडे धावल्या. मी दोघींना बसवलं आणि सेजलला सांगितलं की हेही टाइप कर. सदर मार मी स्वखुशीने घेतला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही आणि माझ्या वारसांची नसावी.

मग तो म्हणाला, “हा कागद तू मेल्यावर उघडायचा. आणि मी आधी गेलो तर? माझ्या पोरीने तुझ्या मरणाची वाट बघत बसायचं?”  पस्तीस वर्षं मी खरं दडवून बसलो होतो, आणि आजही मरणाच्या आड लपूनच बोलत होतो. त्याने ते एका वाक्यात पकडलं.

म्हणून कलम अकरामधली फळी आणि पान्याची तरतूद मी रद्द करतो, व्यवस्थापकाची नेमणूक कायम. फळी आज, जिवंतपणी, बुद्धरत्नच्या ताब्यात दिली आहे. पाना घेऊन मी सोमवार दिनांक ९ रोजी वकीलबाईंबरोबर स्वतः कोर्टात जाणार आहे आणि तोंडाने सांगणार आहे. जे होईल ते होवो. मला भीती वाटते, हे प्रथमच कोणासमोर बोलतो आहे. खोलीचं कलम कायम. प्रियदर्शिनी ती घेईल असं बुद्धरत्नला वाटत नाही. स्वतःला नको असली तर तिने तिथे बापाला पोरांना पाट्या रंगवायला शिकवू द्यावं, नाहीतर कुलूप लावावं, पण ती किशोरकडे परत येऊ नये.

फळीवर राहिलेली नावं बुद्धरत्न रंगवणार आहे. मी त्याला पस्तीस वर्षांचे मंत्री तोंडपाठ सांगू लागलो तर म्हणाला, “मला पाठ आहेत.”

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, म्हणून साक्षीदारांसमक्ष सही करतो. कागदावर डाग पडला आहे तो कानाच्या रक्ताचा आहे, खाडाखोड समजू नये.

ठिकाण: महाड
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२६

(सही) चांगू धोंडू उतेकर

साक्षीदार १: (सही) डॉ. इरावती बुटाला, महाड. सही करणाऱ्याला सकाळी तपासलं, संध्याकाळी पुन्हा तपासलं. कानाला तीन टाके घातले. शुद्ध पूर्ण आहे.

साक्षीदार २: (सही) बुद्धरत्न सोनू गमरे, राहणार नाते. मजकूर ऐकला. सही माझ्यासमोर झाली. एक दुरुस्ती माझ्या हाताने करतो. आवडीवहिनीने अंगठा चार वाजता दिला नाही. चारची गाडी चुकली म्हणून ती वर आली होती. वाळवीने खाल्लेला आकडा मला माहीत आहे. चांगू, सोमवारी कोर्टात सव्वाचार सांग.